कॉलेजचं सगळं सांभाळायला डायरी बरी की फोन?

उदगीरकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. फर्स्ट इयरला सगळं एकाच ग्रुपवर यायचं म्हणून निभावून जायचं, पण आता एकेक गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून येते. क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, प्रॅक्टिकल बॅचचा वेगळा, दोन मॅडम असाइनमेंट फक्त गूगल क्लासरूमवर टाकतात, एक सर लेक्चर संपता संपता तोंडी सांगतात की बुधवारपर्यंत जर्नल (प्रॅक्टिकलची वही) चेक करून घ्या, परीक्षेच्या फॉर्मची नोटीस बोर्डावर लागते आणि सीआर (वर्गाचा प्रतिनिधी) तिचा फोटो टाकतो, तो वर सरकवून शोधेपर्यंत खाली शंभर मेसेज झालेले असतात. त्यात महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा) फॉर्म, मेसचे पैसे, हॉस्टेलचं रिन्यूअल हे वेगळंच.

बाबांनी पतसंस्थेची डायरी दिलीय, एका दिवसाला एक पान असलेली. रूममेट म्हणतो डायरी कोण वापरतं आता, सगळं फोनमध्ये टाक. पण फोन हातात घेतला की तारीख लिहायच्या आधी रील सुरू होतात, आणि डायरी रूमवर राहिली की दिवसभर काहीच बघता येत नाही. तर जे खरंच रोज काहीतरी वापरताय त्यांनी सांगा, कागद की फोन? आणि दोन्ही वापरत असाल तर कुठे काय लिहिता ते जरा नीट सांगा, नुसतं "दोन्ही चांगलं" म्हणू नका प्लीज.

---

शेवटचं_वर्ष_ईटीसी

मी फायनल इयरला आहे, तू सांगितलेलं सगळं जसंच्या तसं आमच्याकडे पण आहे. माझा नियम एकच, ज्याला तारीख आहे ते फोनच्या कॅलेंडरमध्ये, आणि तेही ऐकल्या जागी. नोटीस बोर्डासमोर उभा असताना, सर वर्गाच्या दारातून बाहेर पडत असताना. "रूमवर जाऊन लिहितो" म्हटलं की गेलं.

पण तारीख टाकताना कुठली टाकतोस ते बघ. सबमिशन २० तारखेला आहे म्हणून २० तारीख टाकून काही उपयोग नाही. जर्नल चेक करणारे सर लॅबमध्ये तुमच्या बॅचच्या स्लॉटलाच भेटतात, समजा तुमची बॅच मंगळवारी असेल तर २० च्या आधीचा जो शेवटचा मंगळवार तीच तुझी खरी मुदत, आणि त्या दिवशी अख्ख्या बॅचची लाइन असते म्हणून त्याच्याही आधीचा मंगळवार धर. मी कॅलेंडरमध्ये तोच टाकतो आणि रिमाइंडर दोन लावतो, एक आठवडा आधी आणि एक दिवस आधी. एकच रिमाइंडर, तोही आदल्या दिवशी, हे राइट-अप लिहायचे असतील तर काही कामाचं नाही.

आता कागदाचं. जर्नलच्या सुरुवातीला इंडेक्स असतो ना, प्रयोगाचं नाव, तारीख, पान नंबर, सही. ज्या ओळीत सही नाही तो प्रयोग बाकी, इतकं सरळ. मी तसाच एक इंडेक्स सगळ्या विषयांचा मिळून फुलस्केपवर करतो. डावीकडे विषय आणि प्रयोग, उजवीकडे तीन रकाने, केला, लिहिला, चेक झाला. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. टी-शर्ट काढायला दार उघडलं की दिसतो. हे मी ॲपमध्ये करून पाहिलं, पण ॲप उघडावं लागतं आणि कपाट तर उघडतंच, त्यामुळे कागदच बरा.

आणि तुझी ती डायरी. पतसंस्थेच्या डायऱ्या जानेवारी ते डिसेंबर असतात, आपलं सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होतं, तोवर अर्धी कोरी गेलेली असते आणि दुसरं सेमिस्टर नवीन डायरीत जातं. शिवाय रोजच्या पानावर पुढचा आठवडा दिसत नाही. अप्पा बळवंत चौकातून साधी १०० पानी वही घे आणि दर रविवारी समोरासमोरची दोन पानं आठवड्याला दे. डाव्या पानावर कॅलेंडरमधून उतरवून काढलेल्या त्या आठवड्याच्या तारखा, उजव्या पानावर रोज काय करायचं ते.

---

कल्याणहून_रोज

वरच्या दादाचं जर्नलच्या तारखेचं एकदम पटलं, पण वहीचं नाही. मी एमएस्सीला आहे, रोज कल्याण ते कुर्ला आणि तिथून बसने कलिना. सकाळच्या गाडीत एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्यात बॅग पोटाशी धरलेली, त्यात वही कोण उघडणार. आणि जून ते सप्टेंबर बॅगेत काहीही ठेवा, कोपरे ओले होतातच आणि जेल पेनने लिहिलेलं असेल तर पसरतं. मी सगळं फोनवर ठेवते आणि तेही फुकटातल्या ॲप्सवर, विकत काही घेतलेलं नाही.

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात टाइमटेबल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला रिपीट होईल असं एकदाच टाकते आणि शेवटची तारीख देते. लेक्चर हललं तर फक्त तेवढं एक हलवायचं, वहीत असतं तर खोडाखोड. क्लासरूमवर ज्या असाइनमेंटला ड्यू डेट असते ती गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप दिसते, फक्त दोन्हीकडे तोच अकाउंट पाहिजे आणि कॅलेंडरच्या साइड मेन्यूमध्ये त्या क्लासची खूण चालू पाहिजे. खूप जणांना हे माहीतच नसतं आणि ते हाताने परत टाकत बसतात. नोटिशीचा फोटो असेल तर गूगल लेन्सने त्यातला मजकूर कॉपी होतो, मराठी पण येतो, मग कॅलेंडरच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकायचा म्हणजे ग्रुपवर मागे जाऊन शोधायला नको. तोंडी सांगितलेलं असेल तर बस स्टॉपवर जीबोर्डला (गूगलच्या कीबोर्डला) मराठीत बोलते, ते टाइप होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कागदावर होऊच शकत नाही. आम्ही चार मैत्रिणींनी एक शेअर्ड कॅलेंडर केलंय. जी आधी ऐकेल ती टाकते, चौघींना दिसतं. एखादी आजारी पडून घरी असली तरी तिला कळतं की गुरुवारी टेस्ट आहे. उदगीरकर, तू हॉस्टेलवर आहेस, तुझ्या बॅचचे तीन-चार जण आजूबाजूलाच असतील, त्यांना घेऊन हे आजच करून टाक.

रील्सचं म्हणशील तर होम स्क्रीनवर पहिल्या पानावर फक्त कॅलेंडरचं विजेट ठेव, पूर्ण स्क्रीनभर. बाकी ॲप्स दुसऱ्या पानावर. फोन उघडला की आधी तारखा दिसतात आणि विजेटवरूनच प्लस दाबून नवीन टाकता येतं, बाकी कुठे जायची गरजच पडत नाही. फक्त एक लक्षात ठेव, गूगलची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. फळ्याचे फोटो भरत गेले की ड्राइव्हवर काही चढत नाही आणि मेलही यायचे थांबतात, म्हणून सेमिस्टर संपलं की साफ करायचं.

---

रुमाल_क्रमांक

मी कोल्हापूरची, इतिहासात पीएचडी करतेय आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतेही. तुम्हा सगळ्यांचं वाचताना वाटलं की इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. तारखा सांभाळणं हा एक प्रश्न आणि अभ्यासाचं टिपण काढणं हा दुसरा. पहिल्याला फोन उत्तम, कल्याणच्या ताईशी मी पूर्ण सहमत. दुसऱ्यासाठी मात्र हातात पेनच हवं असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते.

याबद्दल अमेरिकेतल्या म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांचा २०१४ चा अभ्यास सगळे पुढे करतात. लॅपटॉपवर नोट्स घेणारे विद्यार्थी जवळजवळ शब्दशः उतरवून घेत होते आणि समजेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडले, असा तो निष्कर्ष. पण नंतर दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा मार्कांमधला तो फरक तसा ठळक आला नाही. टाइप करणारे शब्द जास्त उतरवतात हे मात्र परत दिसलं. त्यामुळे हाताने लिहिलं की मार्क वाढतातच असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की हात सावकाश चालतो म्हणून काय लिहायचं आणि काय सोडायचं हे जागच्या जागी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हाच अभ्यास आहे. माझ्या वर्गात बघते ना, फळ्याचा फोटो काढला की मुलं मान खाली घालतात, त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला.

माझं स्वतःचं सांगते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात, प्रत्येक रुमालाला क्रमांक. मी जाड कागदाची कार्डं कापून नेते, एका कार्डावर एकच मुद्दा, उजव्या कोपऱ्यात रुमाल क्रमांक, खाली तारीख आणि मला काय वाटलं ते एका ओळीत. प्रकरण लिहायची वेळ आली की ही कार्डं जमिनीवर पसरायची आणि हलवत बसायचं. दोन कार्डं शेजारी आली की एकदम काहीतरी सुचतं, स्क्रीनवर मला ते होत नाही, तिथे एका वेळी एकच तुकडा समोर असतो. पण संदर्भसूची मात्र झोटेरो या सॉफ्टवेअरवर, ते फुकट आहे आणि तळटिपा, यादी आपोआप लावून देतं, ते हाताने करण्यात जीव घालवू नये.

आणि भिंतीवर कालनिर्णय लाव, ही माझी आग्रहाची सूचना. आपल्या घरी गॅस सिलिंडर कधी लावला, दूध कधी आलं नाही, हे आई त्याच्या चौकोनात लिहितेच ना, तसं. परीक्षेच्या दिवसांना लाल पेनने चौकट कर आणि आजपासून तिथपर्यंत किती रविवार राहिलेत ते मोज. दिवाळीची सुट्टी, गणपती, सगळं त्यावर आधीच छापलेलं असतं, म्हणून घरी कधी जायचं आणि कुठला आठवडा खरंच मोकळा आहे हे एका नजरेत कळतं. फोनच्या महिन्याच्या चौकोनात बारीक ठिपके दिसतात, त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही.

---

उदगीरकर_पुण्यात

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, कार्डांचं भारी आहे, मॅथ्सला नाही पण थिअरीच्या विषयांना करून बघतो. शेअर्ड कॅलेंडर कालच केलं, विंगमधल्या तिघांना घेतलं.

एक विचारायचं राहिलं, नोशन या नोट्स-प्लॅनिंगच्या ॲपचं काय? यूट्यूबवर सगळे तेच दाखवतात, स्टुडंट डॅशबोर्ड वगैरे, कॉलेजच्या मेलवर फुकट मिळतं म्हणे. आणि महाडीबीटीच्या कागदपत्रांचं कोण कसं करतं, दरवर्षी तीच धावपळ होते घरी.

---

शेवटचं_वर्ष_ईटीसी

नोशन वाईट नाही, कॉलेजचा मेल चालला तर विद्यार्थ्यांना वरचा प्लॅन फुकट असतो. आमच्या बीई प्रोजेक्टला आम्ही वापरतोय, चौघांचं काम, मीटिंगमध्ये गाइड काय म्हणाले, कुठला पार्ट मागवला, कितीला आला, सगळं एका जागी. प्रोजेक्टला झकास. पण एकट्याच्या रोजच्या कामाला मी सांगणार नाही, कारण तो डॅशबोर्ड बांधण्यातच दोन-तीन संध्याकाळी जातात आणि अभ्यास केल्याचं समाधान फुकट मिळतं. सेमिस्टर चालू असताना नवीन काही बसवायला घेऊ नको. सुट्टीत कर हौस असेल तर.

---

दाखले_जपा

महाडीबीटीवर मी बोलतो, कारण आमच्या घरात मी आणि धाकटी बहीण दोघांचे फॉर्म मीच भरतो. इथे कागद की डिजिटल असं निवडायचंच नसतं, दोन्ही लागतं. ओरिजिनल एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जात आणि व्हॅलिडिटी लागू असेल तर ते, अलॉटमेंट लेटर, फीची पावती, मागच्या वर्षाची मार्कशीट. त्या फोल्डरच्या आत वरती एक यादी चिकटवलेली, आणि कुठला कागद कॉलेजला दिला तर तारखेसह यादीवर लिहायचं, परत आला की काट मारायची. एवढं केलं तरी "ओरिजिनल कॉलेजात आहे की घरी" हा वाद मिटतो.

स्कॅन ड्राइव्हवर, नावात वर्ष पाहिजेच, "उत्पन्न दाखला २०२५" असं. "स्कॅन ००१७" असली नावं ठेवली तर रात्री साइट चालू असताना दहा फाइल उघडाव्या लागतात. अपलोडला ठरावीक केबीचीच फाइल चालते म्हणून मोठी आणि लहान अशा दोन्ही करून ठेव. ज्या मार्कशीट डिजिलॉकरवर येतात त्या तिथूनच उतरवून घे, स्कॅनपेक्षा स्वच्छ असतात.

कॅलेंडरमध्ये दोन गोष्टी टाक. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, एक वर्षाचा असो की तीन वर्षांचा, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात "सेतू केंद्रात जाणे" असं टाकून ठेव. जून-जुलैत बारावीनंतरच्या ॲडमिशनची गर्दी एकदम येते आणि तहसीलमध्ये दाखले अडकतात. उदगीरहून तुझे बाबा एप्रिलमध्ये करू शकतील, तू पुण्याहून येऊन करायची गरज पडणार नाही. दुसरं, फॉर्म सबमिट झाला म्हणजे संपलं असं नाही. कॉलेजकडून किंवा विभागाकडून अर्ज सेंड बॅक होतो, कारण लिहिलेलं असतं पण ते लॉगिन केल्याशिवाय कळेलच असं नाही. दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस बघायचं, रिपीट रिमाइंडर लाव, पैसे खात्यात येईपर्यंत बंद करू नको. ही शिष्यवृत्ती आपल्यासारख्यांच्या घरी वर्षाच्या फीची निम्मी चिंता असते, ती एखाद्या अस्पष्ट स्कॅनमुळे अडकू नये असं फार वाटतं.

---

स्टुटगार्टची_थंडी

दाखल्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी इथे जर्मनीत मास्टर्स करतोय. पुण्यात असताना मी पूर्ण फोनवाला होतो, इथे येऊन फाइल आणि पंचिंग मशिन विकत घेतलं. इथे सगळं महत्त्वाचं पोस्टाने घरी येतं, आरोग्य विम्याचं, बँकेचं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं (घरटी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो). सरकारी पत्रावर आक्षेप घ्यायचा तर बहुतेक वेळा एक महिना असतो, म्हणून पाकीट उघडल्या उघडल्या पत्रावरच पेन्सिलने "मिळालं" म्हणून तारीख लिहितो, फोटो काढतो, मग फाइलमध्ये.

विद्यापीठाचं मात्र सगळं पोर्टलवर. परीक्षेला नुसतं बसता येत नाही, आधी ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवावं लागतं, ती मुदत गेली तर पेपर पुढच्या सेमिस्टरला. नाव काढून घ्यायची पण वेगळी मुदत असते. बऱ्याच कोर्सेसना एका पेपरचे तीनच प्रयत्न असतात, तयारी नसेल तर वेळेत नाव काढून घेणं फार महत्त्वाचं. त्यामुळे एका पेपरच्या माझ्या कॅलेंडरमध्ये तीन नोंदी असतात, नाव नोंदवणे, नाव काढण्याची शेवटची तारीख आणि पेपर. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पुढच्या सेमिस्टरची फी ते संपायच्या बरीच आधी भरायची असते, ती चौथी. बाहेर जायचा विचार असणाऱ्यांनी ही सवय तिकडे असतानाच लावून घ्या. इथे आठवण करून द्यायला सीआर नसतो.

---

उदगीरकर_पुण्यात

वाह, हे तर डोक्यातच नव्हतं. बाबांना एप्रिलचं सांगितलं, त्यांनी त्यांच्या डायरीत लिहून घेतलं. पतसंस्थेची डायरी आता त्यांनाच परत दिली, त्यांना दुकानाच्या हिशोबाला होते.

माझं असं ठरलंय, तारखा सगळ्या शेअर्ड कॅलेंडरमध्ये, कपाटाच्या दाराला प्रयोगांचा कागद, आणि कालनिर्णय आईला पाठवायला सांगितलंय. आठवड्याच्या वहीचं अजून नक्की नाही, आधी एवढं जमतंय का बघतो. एकच अडचण, कॅलेंडरचा रिमाइंडर कधी कधी उशिरा वाजतो. काल आठवड्याचा जो होता तो मी फोन उघडल्यावरच आला. हे का होतं?

---

कल्याणहून_रोज

बॅटरी सेव्हरमुळे. काही फोन बॅकग्राउंडमधलं ॲप झोपवून टाकतात. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात कॅलेंडर, त्यात बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर. ऑटोस्टार्ट असं वेगळं ऑप्शन असेल तर तेही चालू कर. मग पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद टाक, फोन लॉक करून ठेव आणि वाजते का बघ. तुझ्या विंगमधल्या तिघांच्या फोनवर पण हे आत्ताच करून घे, नाहीतर शेअर्ड कॅलेंडर असून एकालाच वाजेल.